न विकण्याची किंमत

४ मार्च

स्वस्ति श्री. सकल-लघुशस्त्र-विक्रय-धुरंधर, राज्यानुज्ञापत्र-विभूषित, काचकपाटत्रयाधिपती, पवित्र आत्म्याच्या वार्षिक उत्सवमंडळाचे माजी उपकोषाध्यक्ष, रस्सासमितीचे आजीव सदस्य (मताधिकार वगळून), आसोरेस बेटांवरून कॅलिफोर्नियाच्या या खोऱ्यात आलेल्या गवळ्यांच्या वंशात गाईला घाबरणारे पहिले व अद्याप एकमेव पुरुष, श्रीमान लिनो आविला, वय वर्षे चोपन्न, रक्तदाब उल्लेखनीय, यांच्या दैनंदिनीचा शुभारंभ आज होत आहे. डॉक्टरांनी दोन उपाय सांगितले: मीठ सोडा, आणि मनात साठते ते रोज लिहून काढा. मीठ सोडणे अशक्य असल्यामुळे मी साहित्यसेवेस प्रवृत्त झालो आहे.

आजची उल्लेखनीय घटना एकच. डेल्फिनो बोर्जेस दुकानात आले. डेल्फिनो हे माझ्या मुलीचे, नातालियाचे, धर्मपिता. शाळेत आम्ही अरे-तुरे करीत होतो. परंतु तिच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी, आमच्यातील रीतीप्रमाणे, आम्ही एकमेकांचे ‘कोंपाद्रे’ झालो आणि अहो-जाहोवर चढलो. या बढतीस सव्वीस वर्षे झाली. जानेवारीत त्यांची पत्नी लूर्देस गेली. फेब्रुवारीत दुधाचा धंदा बंद केला. चांगल्या गाई मुलगा आयडाहोला घेऊन गेला, उरलेल्या लिलावात गेल्या.

त्यांनी कुलूपबंद पेटी काचेवर ठेवली. आत त्यांचे पिस्तूल. चौदा वर्षांपूर्वी विहिरीच्या पंपांची तांब्याची तार चोरीला जाऊ लागली, तेव्हा ते माझ्याकडूनच घेतलेले. युरोपीय बनावटीचे, उत्तम. लूर्देसने त्याच दिवशी पेटीची किल्ली स्वतःकडे घेतली होती आणि कुठे ठेवली ते नवऱ्याला कधीही सांगितले नव्हते.

“किल्ली सापडली,” डेल्फिनो म्हणाले. “मक्याच्या पिठाच्या डब्यात होती. पाव करावा म्हणून डबा उघडला.”

मी त्यांचे अभिनंदन केले.

“हे विकून टाका, कोंपाद्रे.”

येथे माझ्यातील अर्थशास्त्रज्ञ जागृत झाला. मी त्यांना स्टुलावर बसवून समग्र विवेचन केले. आमच्या राज्यात नवे पिस्तूल विकायचे तर त्याचे नाव शासनमान्य यादीत हवे. या पिस्तुलाच्या कारखान्याने नोंद पुढे चालवली नाही, नाव गळले. आता मी नवे मागवू शकत नाही. जी आधीच लोकांच्या घरांत आहेत, तीच माझ्यासारख्याच्या मध्यस्थीने एका नागरिकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. संख्या वाढणे नाही, मागणी घटणे नाही. म्हणून शेजारच्या नेवाडात जे सहाशे डॉलरला मिळते ते येथे चौदाशेला जाते. तीच नळी, तोच चाप. मध्ये केवळ एक वाळवंट आणि हद्दीची एक पाटी. “मूल्य हा वस्तूचा गुण नसून अभावाचा गुण आहे,” असे मी शेवटी म्हणालो. वाक्य मला आवडले.

“अभावाचं मला नका सांगू,” ते म्हणाले. विषय त्यांना चटकन उमगला याचा मला आनंद झाला.

किमान दोन वर्षे हे घरातून हलवू नका, असा सल्ला मी दिला. पिस्तूल म्हणजे गाय नव्हे. त्याला चारा लागत नाही आणि ते आटत नाही. पेटी मी स्वतः त्यांच्या गाडीपर्यंत नेऊन दिली.

११ मार्च

डेल्फिनो पुन्हा आले, पेटीसह. विकायचे नाही तर नसो, परंतु तुमच्या तिजोरीत ठेवून घ्या, म्हणाले.

मी त्यांस कायद्याची गहनता समजावली. मैत्रीखातर ठेव म्हणून घेणे मला नको होते. मी धर्मशाळा चालवीत नाही. विक्रीसाठी मांडायला मात्र घेता येईल. पण मग ते माझ्या नोंदीत जाईल, आणि विकले न गेल्यास परत नेताना धन्यालाही नव्या ग्राहकासारखा अर्ज, पूर्वेतिहासाची तपासणी, आणि दहा दिवसांचे सुतक. स्वतःच्याच वस्तूसाठी दहा दिवस ताटकळायचे. या तरतुदीवर मी आजवर अनेक व्याख्याने दिली आहेत. आजचे त्यांतील उत्कृष्टांपैकी होते.

“दहा म्हणजे दहाच?” त्यांनी विचारले.

“दहाच.”

“ओळख असली तरी?”

“प्रत्यक्ष राज्यपाल आले तरी.” मी क्षमा मागितल्यासारखे म्हणालो.

 ते नाराज दिसले नाहीत. उलट बाजारात योग्य बैल सापडावा तशी मान हलवली. मग त्यांचे लक्ष मधल्या कपाटाच्या पायाकडे गेले. फरशी खचल्यामुळे तो पाय आखूड पडतो. म्हणून परगण्याच्या आरोग्य खात्याने पाठवलेल्या माहितीपत्रकांचा गठ्ठा मी त्याखाली सरकवला आहे. त्यांनी वाकून वरची ओळ वाचली आणि एक पत्रक काढून नेऊ का म्हणून विचारले. मी नम्रपणे नकार दिला. एक काढले की कपाट डुगडुगते.

१२ मार्च

पिस्तूल अखेर विक्रीसाठी मांडले. किंमत धन्याने ठरवायची असते. मी चौदाशे पन्नास सुचवले.

“पाच हजार लिहा,” डेल्फिनो म्हणाले.

मी त्यांना सांगितले की माझ्या व्यवसायात मलाही काही अब्रू आहे. पाच हजारांत दोन दुभत्या गाई येतात.

“येतात ना? मग असू द्या.”

 तिन्ही कपाटांत इतके निर्लज्ज आकडे आजवर कधी मांडले गेले नव्हते.

२६ मार्च

डॉ. व्हिटलॉक नावाचे दंतवैद्य हे पिस्तूल पाहून गेले. असेच एक ते दोन वर्षे शोधत आहेत. पाच हजारांचा आकडा वाचून हसले, मग पंधराशे म्हणाले, मग दाराशी जाऊन सतराशे म्हणाले. सतराशे. मी उल्हसित होऊन डेल्फिनोंना फोन लावला. इतका भाव खोऱ्यात कोणी दिलेला नाही, असे कळवले.

“नको,” ते म्हणाले.

“मग ते माझ्याकडे ठेवायचे तरी कशाला?”

“ठेवायचं म्हणूनच.”

हे उत्तर तर्कशास्त्राच्या कोणत्या शाखेत बसते ते मला कळले नाही. जेवताना मी सारा प्रसंग ओदीलियाला कथन केला. माझ्या पत्नीला बाजारभावात लवमात्र रस नाही. डेल्फिनो काय खातात, एवढेच तिने विचारले. मला माहीत नव्हते. तिने पुन्हा विचारले. माझी माहिती वाढलेली नव्हती.

९ एप्रिल

दंतवैद्यांचा तगादा चालू असल्यामुळे समक्ष बोलावे म्हणून आज डेल्फिनोंच्या मळ्यावर गेलो. गोठा रिकामा, पण काय स्वच्छ. फरशी धुतलेली, नळ्या पुसलेल्या, दोहनयंत्रांचे पेले ओळीने टांगलेले. ते अजूनही पहाटे तीनला उठून गोठ्यात दिवा लावतात आणि धुतात. गाई नसताना गोठा इतका निर्मळ राहतो, यात गाईंविषयीच्या माझ्या जुन्या मताला दुजोराच मिळाला.

भावाबद्दल त्यांनी बोलू दिले नाही. मात्र निघताना लूर्देसचे रश्शाचे मोठे पातेले माझ्या गाडीत ठेवले. उत्सवात दरवर्षी ज्यात गोमांस आणि पुदिना उकळतो तेच. लूर्देस त्याला कोणाला हात लावू देत नसे. तुमच्याकडेच राहू द्या, म्हणाले. कुत्रा शेजाऱ्याला दिल्याचेही सांगितले. अवजारे मुलाच्या नावे करून ठेवली आहेत. मनुष्य उत्तरोत्तर निरिच्छ होत चालला आहे. आमच्या उत्सवमंडळात अशा वृत्तीचे लोक असते तर मी आज माजी नसतो.

 ओदीलियाने पातेल्यात आतून हात फिरवला आणि ते फळीवर ठेवले.

२१ एप्रिल

सकाळी दुकान उघडायला गेलो तर डेल्फिनोंची गाडी आधीच उभी. ते आत बसून होते. दाढी केलेली, अंगात पांढरा सदरा, लूर्देसच्या अंत्यविधीला घातला होता तो.

“पिस्तूल परत हवंय,” ते म्हणाले.

मला हर्ष झाला. भाव चढणार हे त्यांना अखेर पटले, असे मी समजलो. अर्ज काढला, ओळखपत्र मागितले, अंगठ्याची शाई पुढे केली.

“अर्ज नको. आत्ता हवंय.”

मी दहा दिवसांची आठवण करून दिली. ते माहीत आहे, म्हणाले. दहा दिवसांचे कोणाला कळणार आहे, नोंद नंतर करता येईल. आवाज चढला नव्हता. मग त्यांनी दोन्ही हात काचेवर ठेवले.

“लिनो, तू मला ओळखतोस. शाळेपासून ओळखतोस. दे ना.”

सव्वीस वर्षांनी मला त्यांच्या तोंडून ‘तू’ ऐकू आले.

प्रामाणिकपणे लिहायचे तर कपाटाची किल्ली माझ्या हातात होती. दुकानात तिसरे कोणी नव्हते. या कायद्याला मी अर्धे आयुष्य नावे ठेवली आहेत, आणि समोर माझ्या मुलीचा धर्मपिता स्वतःचीच वस्तू मागत होता. तरी हात उचलला गेला नाही. त्यामागे मोठे तत्त्व होते असे लिहिण्याचा मोह होतो. नव्हते. परवाना जाईल, एवढीच भीती होती.

“दहा दिवस, डेल्फिनो,” मी म्हणालो. “तुझ्यासाठीही.”

त्याने माझ्याकडे पाहिले. मग अंगठा शाईत बुडवला आणि अर्जावर टेकवला.  शाई पुसायला मी कागद दिला तो तसाच हातात धरला. मग “बरं” म्हणून गेला.

मी कोंपाद्रेला परक्या गिऱ्हाइकासारखे वागवले. दुपारी रक्तदाब मोजला नाही. काय निघेल ते ठाऊक होते.

त्याच दिवशी, संध्याकाळी

ओदीलिया कांदा चिरीत असताना मी तिला हे सांगितले. माझा भर अर्थातच मैत्री विरुद्ध कायदा या द्वंद्वावर होता. ती मध्येच म्हणाली, “सदरा कुठला होता म्हणालास?”

सांगितले.

“दाढी केली होती?”

केली होती. मी पुन्हा द्वंद्वाकडे वळलो आणि अर्जाच्या शुल्काचा मुद्दा मांडू लागलो. तिने शेगडी बंद केली, हात न धुताच गाडीच्या किल्ल्या उचलल्या.

“कुठे निघालीस?”

“पातेलं परत द्यायला.”

ती अंगणातून गाडी काढीत असताना माझ्या लक्षात आले की पातेले फळीवरच आहे. मी दारात जाऊन तसे ओरडून सांगितले. तिने ऐकले नाही.

ती परतली तेव्हा शेजारच्या आसनावर डेल्फिनो होता, मांडीवर कपड्यांची पिशवी. नातालिया नोकरीसाठी शहरात राहते, तिची खोली रिकामीच असते. तेथे त्याची व्यवस्था झाली. उत्सवाच्या रश्शासाठी माणूस हवा आहे आणि रोज इतक्या लांबून आणायला आपल्याला जमणार नाही, असे ओदीलियाने जाहीर केले. उत्सवाला महिन्याहून अधिक अवकाश आहे, हे मी निदर्शनास आणले. तिने माझ्याकडे ज्या दृष्टीने पाहिले तिचे वर्णन करण्यास माझे संस्कृत अपुरे आहे.

डेल्फिनोने दोन वाट्या सूप प्यायले. तिने मोजल्याचे मी पाहिले.

२४ एप्रिल

आज ओदीलिया दुकानात आली. असे वर्षातून एकदाही घडत नाही. मधल्या कपाटाचा कोपरा मला उचलून धरायला लावला आणि पायाखालचा गठ्ठा ओढून काढला. दोरी सोडली, धूळ झटकली, एक पत्रक माझ्या हातात दिले.

“वाच.”

“मला ठाऊक आहे त्यात काय असतं.”

“तुला भाव ठाऊक असतात. वाच.”

उभ्यानेच वाचले. ती असेपर्यंत एकदा आणि ती गेल्यावर पुन्हा. जगणे नकोसे झालेल्या माणसाच्या चिन्हांची एक यादी आहे. वस्तू देऊन टाकणे तिच्यात आहे. घरातील शस्त्र काही काळ बाहेर, दुसऱ्या कोणाकडे ठेवावे, असेही लिहिले आहे. मित्राकडे, नातलगाकडे, किंवा दुकानदाराकडे.

उरलेली पत्रके गल्ल्याशेजारी मांडली.

२५ एप्रिल

किल्ली मक्याच्या पिठाच्या डब्यात सापडली होती. मी अभिनंदन केले होते. पेटी गाडीपर्यंत नेऊन दिली होती.

१ मे

काल रात्री झोप लागली नाही, कारण आज दहा दिवस पूर्ण होणार होते. सकाळी उत्तर आले. तपासणी निर्दोष, राज्याची हरकत नाही. डेल्फिनो बोर्जेस या नागरिकाने मागताक्षणी पिस्तूल त्याच्या स्वाधीन करण्यास मी आता मोकळा होतो. एरवी असे उत्तर आले की मी घंटी वाजवतो. आज राज्याने आणखी दहा दिवस मागावेत असे मला वाटले. हे वाक्य माझ्या धंद्यातील कोणाच्या हाती पडू नये.

सांगावे की न सांगावे याचा विचार दिवसभर केला. हरकत घेण्याचा अधिकार मलाही आहे. दुकानदार सौदा नाकारू शकतो. परंतु लपवणे निराळे. त्याच्यापासून पुष्कळ गोष्टी यापूर्वीच लपवल्या गेल्या होत्या, आणि त्यांतील एक पिठाच्या डब्यात होती. जेवताना सांगून टाकले.

“अर्ज मंजूर झाला.”

ओदीलियाचा हात पावावर थांबला. डेल्फिनो रश्शात पाव बुडवीत होता. तो पूर्ण भिजेपर्यंत त्याने वाट पाहिली.

“किती दिवसांत न्यावं लागतं?”

“तीस. नाही नेलं तर अर्ज रद्द. पुन्हा पहिल्यापासून.”

“आणि पुन्हा दहा?”

“पुन्हा दहा.”

“मग होऊ दे रद्द,” तो म्हणाला. “आणि ती पाटी बदल. साडेपाच हजार कर.”

मी विचारले, कोणत्या आधारावर. सवय जात नाही.

“भाव चढणार म्हणाला होतास ना? की तीही थापच?”

ओदीलिया हसली. मग उठून नळाशी गेली आणि पाठमोरी बराच वेळ एकच ताट धूत राहिली. माझी सव्वीस वर्षांची बढती गेली आहे. अपील करण्याचा विचार नाही.

१३ मे

दर मंगळवारी ओदीलिया डेल्फिनोला परगण्याच्या दवाखान्यात नेते. तेथे कोणाशी तरी तासभर बोलून तो येतो. काय बोलतो ते मी विचारत नाही. काल परतताना तो म्हणाला, “ती बाई गप्प बसते, लिनो. तू शिकून घे तिच्याकडून.” आज मात्र दिवसभर खोलीतून आला नाही. ओदीलिया दाराशी खुर्ची टाकून वाटाणे सोलत बसली. इतके वाटाणे आम्ही कधी खात नाही.

२९ मे

उत्सव काल पार पडला. पोरीबाळींचे मुकुट, मिरवणूक, भाषणे यथासांग. लूर्देसच्या पातेल्यापाशी डेल्फिनो पहाटे तीनपासून उभा होता. कोणाला हात लावू देत नव्हता. मीठ कमी आहे असे मी म्हणालो, तर डॉक्टरांचे नाव घेऊन सर्वांसमक्ष माझी अब्रू काढली. रस्सा लूर्देसच्या रश्शासारखा नव्हता. सर्वांनी तो दोनदा घेतला. तीन वेळा तो पातेल्यामागे जाऊन सर्वांकडे पाठ करून उभा राहिला, आणि तीनही वेळा ओदीलियाचे तेथे काहीतरी काम निघाले.

आज दुकानात दंतवैद्य व्हिटलॉक आले. साडेपाच हजारांची पाटी वाचून म्हणाले, शेवटचे सांगतो, दोन हजार. एवढ्या रकमेसाठी मी पूर्वी त्यांना घरी जेवायला बोलावले असते. विक्रीला नाही, असे सांगितले.

“विक्रीला नाही तर किंमत कशाला लावली आहे?”

“ती न विकण्याची किंमत आहे,” मी म्हणालो.

ते जाताना गल्ल्याजवळचे एक पत्रक घेऊन गेले. चाळायला घेतले असेल, किंवा नसेल. हल्ली मी अनुमाने जपून काढतो.

४ जून

अर्जाची मुदत टळली. पिस्तूल कपाटात आहे. गठ्ठा काढल्यापासून कपाट डुगडुगते. काचेवर कोणी कोपर टेकले की आतील सारी शस्त्रे जागच्या जागी थरथरतात. पायाखाली घालण्यास योग्य जाडीची पाचर डेल्फिनो तासून देणार आहे, असे तीन आठवडे ऐकतो आहे. तो रोज स्टुलावर बसून माझ्या गिऱ्हाइकांना, हे घेऊ नका, महाग आहे, असे सांगतो.

त्याहून गंभीर बाब अशी की तो अद्याप पहाटे तीनला उठतो. गोठा नसल्यामुळे आमचे स्नानगृह धुतो, मग स्वतः पाऊण तास स्नान करतो. मी उठतो तेव्हा टाकीत गरम पाण्याचा थेंब नसतो. ओदीलियाकडे तक्रार केली. ती म्हणाली, थंड पाण्याने कर, रक्तदाबाला बरं असतं. डॉक्टरांना फोन करून खात्री केली, बरे नसते. टाकी दुरुस्त करणाऱ्या माणसाला परवा बोलावले होते. तो म्हणाला, टाकीत काही बिघाड नाही, घरात माणसे जास्त झाली आहेत. आणि एवढे सांगण्याचे नव्वद डॉलर घेऊन गेला. मोठी टाकी बसवायची तर न्हाणीघराची भिंत फोडावी लागते. उद्याही थंड पाणीच आहे.